'सिक्स सिग्मा'ची आख्यायिका : मुंबईच्या डबेवाल्यांवरील व्यवस्थापनविषयक लेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

वाणिज्य आणि व्यवस्थापन या विद्याशाखांच्या वर्गात 'परिचालन-उत्कृष्टता' ही संकल्पना शिकवताना जी उदाहरणे हमखास दिली जातात, त्यांत जपानमधील टोयोटा कंपनीच्या खालोखाल मुंबईच्या डबेवाल्यांचा क्रम लागतो. महाराष्ट्रातील अध्यापकाला तर हे उदाहरण विशेष जवळचे वाटते. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले या भागांतून मुंबईस आलेली माणसे, डोक्यावर गांधी टोपी, खांद्यावर डब्यांची पाटी आणि कोणत्याही संगणकाशिवाय रोज लाखो डबे अचूक जागी पोहोचवण्याची किमया, हे चित्र अभिमान वाटावा असेच आहे. परंतु अभिमानाच्या विषयाची चिकित्सा सहसा होत नाही. ज्या लेखनातून हे उदाहरण पाठ्यक्रमांत स्थिरावले, त्या लेखनाचे पुरावे कोणते, त्याने काय पाहिले आणि काय पाहण्याचे टाळले, हा प्रश्न मराठीत क्वचितच विचारला गेला आहे. प्रस्तुत लेखात या व्यवस्थापनविषयक वाङ्मयाचाच विचार केला आहे. डबेवाल्यांच्या कर्तृत्वाविषयी शंका घेणे हा त्याचा हेतू नाही. त्या कर्तृत्वाचे वर्णन करणाऱ्यांनी ते कितपत समजून घेतले, एवढाच येथे मुद्दा आहे.

संकल्पनेचा प्रवास

परिचालन-उत्कृष्टता हा शब्दप्रयोग आज इतका सैल झाला आहे की त्याचा मूळ अर्थ आठवून देणे आवश्यक ठरते. मायकेल ट्रेसी आणि फ्रेड विअर्सेमा यांनी १९९५ मधील आपल्या ग्रंथात बाजारपेठेत अग्रस्थान मिळवण्याचे तीन मार्ग सांगितले होते. उत्पादनातील अग्रेसरत्व, ग्राहकाशी जवळीक आणि परिचालन-उत्कृष्टता हे ते मार्ग होत. संस्थेने यांपैकी एकाची निवड करावी आणि उरलेल्या दोहोंत किमान पातळी राखावी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. म्हणजे मुळात हा निवडीचा, पर्यायाने त्यागाचा विचार होता. मायकेल पोर्टर यांनी १९९६ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधील प्रसिद्ध लेखात आणखी एक इशारा दिला. तीच कामे प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक चांगली करणे म्हणजे व्यूहनीती नव्हे. व्यूहनीतीत काय करायचे नाही हे ठरवावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील काळात सल्लागार संस्थांच्या हाती गेल्यावर ही संकल्पना निवडीपासून सुटली आणि प्रत्येक कंपनीच्या भिंतीवर टांगण्याची घोषणा बनली.

उत्कृष्टतेच्या वाङ्मयाला एक जुना आजारही आहे. टॉम पीटर्स आणि रॉबर्ट वॉटरमन यांचा उत्कृष्ट कंपन्यांवरील गाजलेला ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला आणि अवघ्या दोन वर्षांत, १९८४ मध्ये, 'बिझनेस वीक' या साप्ताहिकाने त्यांतील अनेक कंपन्या अडचणीत आल्याचे मुखपृष्ठावर छापले. फिल रोझेन्झ्वाइग यांनी २००७ मध्ये या आजाराचे निदान नेमके केले. यश आधी ठाऊक असते आणि मग त्या यशाच्या प्रभावळीत संस्थेची प्रत्येक गोष्ट उजळ दिसू लागते. तिची शिस्त, तिची संस्कृती, तिचे नेतृत्व, सारे काही यशाचे 'कारण' म्हणून नोंदले जाते. डबेवाल्यांवरील लेखन वाचताना हे निदान वारंवार आठवते.

एका आकड्याची जन्मकथा

डबेवाल्यांच्या कीर्तीचा पाया एका आकड्यावर उभा आहे. एक कोटी साठ लाख व्यवहारांमागे एक चूक, असा तो आकडा असून 'फोर्ब्ज' या अमेरिकी नियतकालिकाने डबेवाल्यांना 'सिक्स सिग्मा' मानांकन दिले, अशी त्याला पुस्ती जोडलेली असते. शोधनिबंध, पाठ्यपुस्तके, प्रेरणादायी व्याख्याने, वृत्तपत्रांच्या पुरवण्या अशा सर्व ठिकाणी हे विधान आढळते. त्याचा उगम तपासला असता जे हाती लागते ते उद्बोधक आहे.

'फोर्ब्ज'मध्ये १९९८ साली सुब्रत चक्रवर्ती यांनी डबेवाल्यांवर लेख लिहिला, ही गोष्ट खरी आहे. मात्र त्या नियतकालिकाने असे कोणतेही प्रमाणपत्र कधी दिले नाही आणि आपल्या लेखात 'सिक्स सिग्मा' ही संज्ञाही नव्हती, असा खुलासा स्वतः चक्रवर्ती यांनी नंतर केला. त्यांनी सांगितलेली हकिकत अशी की, चूक किती वेळा होते असा प्रश्न त्यांनी संघटनेच्या प्रमुखांना विचारला. जवळजवळ कधीच नाही, फार तर दोन महिन्यांतून एखादी, असे उत्तर मिळाले. त्या वेळी रोज सुमारे पावणेदोन लाख डब्यांची ने-आण होत असे. त्यावरून चक्रवर्ती यांनी गुणाकार केला. ऐंशी लाख खेपांमागे एक चूक आणि रिकामा डबा घरी परत जातो तीही खेप धरली तर एक कोटी साठ लाखांमागे एक, असे उत्तर आले. पुढे २००२ मध्ये एका परिषदेत एका वार्ताहराने तुमची संघटना 'सिक्स सिग्मा' आहे काय, असे विचारले. त्या संज्ञेचा अर्थ समजावून घेतल्यावर, असे असेल तर आम्ही आहोत, 'फोर्ब्ज'ला विचारा, अशा आशयाचे उत्तर दिले गेले आणि दुसऱ्या दिवसापासून ते प्रमाणपत्र अस्तित्वात आले, असे चक्रवर्ती यांच्या कथनावरून दिसते.

या हकिकतीत कोणीही खोटे बोललेले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. संघटनेच्या प्रमुखांनी एक प्रांजळ, बोलीतला अंदाज सांगितला. 'दोन महिन्यांतून एखादी' हा मराठी माणसाच्या तोंडचा 'फारच क्वचित' या अर्थाचा प्रयोग आहे. पत्रकाराने तो संख्या म्हणून घेतला. वार्ताहराने संख्येचे प्रमाणपत्र केले. अभ्यासकांनी प्रमाणपत्राचे संदर्भमूल्य मानले. दोष शोधायचाच तर तो या शेवटच्या पायरीवर शोधावा लागतो. कारण मूळ लेख उघडून पाहणे हे त्यांचेच काम होते.

गणिताची साधी कसोटी

मूळ लेख मिळाला नाही तरी कागद-पेन्सिल हाताशी होतीच. 'सिक्स सिग्मा' ही गुणवत्ता-नियंत्रणाची पद्धती मोटोरोला कंपनीत १९८६-८७ च्या सुमारास बिल स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली आणि जॅक वेल्च यांच्या काळात जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९९५ पासून तिचा पुरस्कार केल्यावर ती जगभर पसरली. तिच्या रूढ व्याख्येनुसार दहा लाख संधींमागे ३.४ दोष ही मर्यादा आहे. प्रक्रियेची सरासरी दीर्घकाळात दीड प्रमाण-विचलनाने सरकते, असे गृहीत धरून ही संख्या काढली जाते. हे गृहीतक सोडले तर हेच प्रमाण शंभर कोटींमागे सुमारे दोन इतके खाली येते.

आता पावणेदोन लाख डबे, म्हणजे जाऊन-येऊन साडेतीन लाख खेपा रोज धरल्या, तर पहिल्या व्याख्येनुसार रोज एकाहून किंचित अधिक चूक चालू शकते. तीनशे कामाच्या दिवसांत सुमारे ३५७ चुका होतात. प्रसिद्ध आकडा मात्र वर्षाला सहा चुकांचा आहे. म्हणजे तो 'सिक्स सिग्मा'पेक्षा पन्नासपटीहून अधिक चांगला आहे. उलट दुसरी, कडक व्याख्या लावली तर एक कोटी साठ लाखांत एक म्हणजे शंभर कोटींत साधारण ६२ चुका होतात आणि डबेवाले त्या कसोटीवर तीसपटीने नापास ठरतात. दोन्ही व्याख्यांत एवढे अंतर असताना 'म्हणून ते सिक्स सिग्मा आहेत' या वाक्याला गणिती अर्थच उरत नाही. काही लेखांत यशाचे प्रमाण ९९.९९९९ टक्के, तर काहींत ९९.९९९९९९ टक्के दिलेले असते. दशांशचिन्हानंतर दोन नऊ वाढवले की चुका शंभरपटीने कमी होतात, याचे भान ते छापणाऱ्यांना असल्याचे दिसत नाही.

दुसरी कसोटी अधिक साधी आहे. डबेवाल्यांची संख्या त्या काळात पाच हजारांच्या आसपास सांगितली जाई. वर्षाला सहा चुका पाच हजार माणसांत वाटल्या, तर एका डबेवाल्याच्या हातून चूक व्हायला आठशेहून अधिक वर्षे लागतील. ताप, पाऊस, गर्दी, पुसट झालेला रंग, नवा उमेदवार, ज्ञानेश्वरांच्या पालखीसाठी रजेवर गेलेला सोबती या सगळ्यांसह आठशे वर्षे! माणसाच्या श्रमाविषयी एवढे निर्मानुष विधान त्याच्या स्तुतीसाठी करावे, हा या वाङ्मयाचा विरोधाभास म्हणावा लागेल.

यापलीकडचा प्रश्न नोंदीचा आहे. चूक म्हणजे काय, याची व्याख्या या लेखनात बहुधा आढळत नाही. डबा भलत्या माणसाला गेला ही चूक उघड आहे. पण तो एक वाजता पोहोचला तर? आमटी सांडली तर? रिकामा डबा दुसऱ्या दिवशी परतला तर? शिवाय एकच डबा घरापासून कचेरीपर्यंत अनेक हातांतून जातो. प्रत्येक हस्तांतर ही स्वतंत्र 'संधी' धरली की भाजक वाढतो आणि दोषांचे प्रमाण आपोआप घटते. सांख्यिकी शिकवणाऱ्या अध्यापकांना ही युक्ती अपरिचित नाही. आणि मूळ अडचण अशी की, 'सिक्स सिग्मा' ही मोजमापाची पद्धती आहे. जिथे दोषांची नोंदवहीच नाही, तिथे ती पद्धती असण्याचा संभव नाही. डब्यांच्या एकूण संख्येवरही एकमत नाही. 'फोर्ब्ज'च्या काळी पावणेदोन लाख, लोकप्रिय लेखनात दोन लाख, तर 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'च्या २०१२ मधील लेखात एक लाख तीस हजार, असे आकडे येतात. भाज्य अंदाजाचे, भाजक अंदाजाचा आणि भागाकार मात्र आठ दशांश स्थळांपर्यंत अचूक!

हार्वर्डची मांडणी

या पार्श्वभूमीवर स्टीफन थॉम्के यांचे लेखन वेगळे काढून पाहणे न्यायाचे होईल. हार्वर्ड बिझनेस स्कूलसाठी त्यांनी २०१० मध्ये डबेवाल्यांवरील अभ्यासप्रकरण प्रसिद्ध केले आणि २०१२ च्या लेखात त्याचा विस्तार केला. संघटन, व्यवस्थापन, प्रक्रिया आणि संस्कृती हे चार स्तंभ परस्परांशी जुळलेले असल्याने सामान्य माणसांकडून असामान्य काम होते, अशी त्यांची मांडणी आहे. आकड्यांच्या मोहातून ते पूर्णतः सुटलेले नाहीत. तथापि त्यांची काही निरीक्षणे या विषयावरील सर्वोत्तम आहेत.

लोकलचे वेळापत्रक हेच या व्यवस्थेचे घड्याळ आहे, हे त्यांपैकी पहिले निरीक्षण होय. गाडी स्थानकात काही सेकंदच थांबते. तेवढ्यात पाट्या चढवायच्या किंवा उतरवायच्या असतात. त्यामुळे मागील टप्प्यावरील दिरंगाई लपत नाही आणि पुढील टप्प्याला आयती शिस्त लागते. टोयोटाच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याची गती जे काम करते, ते येथे चर्चगेटची गाडी करते. दुसरे निरीक्षण राखीव माणसांचे आहे. प्रत्येक गटात गरजेपेक्षा दोन-तीन माणसे अधिक असतात आणि ती सर्व मार्गांची जाणकार असतात. काटकसरीच्या नावाखाली नेमकी हीच माणसे कमी करण्याचा सल्ला आधुनिक व्यवस्थापन देते, हे येथे सांगितले पाहिजे. डबेवाल्यांच्या अचूकतेचे रहस्य अतिरिक्ततेत आहे, आणि ज्या कंपन्या त्यांना व्याख्यानासाठी बोलावतात त्या हीच अतिरिक्तता 'अपव्यय' म्हणून छाटत असतात.

तिसरे निरीक्षण डब्यावरच्या खुणांविषयीचे आहे. झाकणावर कोठून निघाला, कोणत्या भागात जायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, एवढेच रंग, अक्षर आणि अंक यांनी दाखवलेले असते. ग्राहकाचे नाव नसते, घराचा पत्ता नसतो. ते लिहिण्याची गरज नसते, कारण सकाळी डबा उचलणारा माणूस वर्षानुवर्षे त्याच गल्लीत जात असतो. म्हणजे या व्यवस्थेतील अर्धी माहिती झाकणावर आणि अर्धी माणसाच्या स्मरणात असते. खुणांच्या पद्धतीचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु ती दुसऱ्या शहरात उचलून नेता येणार नाही, याचे कारण या स्मरणात आहे. थॉम्के यांनी या मुद्द्यापर्यंत वाचकाला आणले आणि तो ओलांडून ते पुढच्या स्तंभाकडे गेले, ही त्यांच्या लेखातील खरी उणीव होय.

'निरक्षर' या विशेषणाचाही येथेच विचार व्हावा. चक्रवर्ती यांच्यापासून थॉम्के यांच्यापर्यंत बहुतेकांनी डबेवाल्यांच्या अल्पशिक्षणाचा उल्लेख आश्चर्यचिन्हासह केला आहे. अचूकता ही शिकलेल्यांची मिरास आहे, हे गृहीतक त्या आश्चर्यात दडलेले असते. रोज शेकडो झाकणांवरील संक्षिप्त लिपी धावत्या गर्दीत वाचणारा माणूस निरक्षर कसा, असा प्रश्न मराठी वाचकाला तरी पडावा.

स्वयंपाकघर आणि 'लाईन'

व्यवस्थापनाच्या दृष्टीला डबा प्रथम दिसतो तो उंबऱ्यावर, भरून तयार झालेला. तो तयार कसा झाला, हा भाग तिच्या चौकटीबाहेर राहतो. थॉम्के यांनी एक तपशील दिला आहे. डबा वेळेवर तयार न ठेवणाऱ्या ग्राहकाला समज दिली जाते आणि तरीही सुधारणा न झाल्यास त्याची सेवा बंद केली जाते. हे उदाहरण ग्राहकालाही शिस्त लावण्याचे म्हणून कौतुकाने येते. पण 'ग्राहक' येथे कोण आहे? पैसे देणारा आणि जेवणारा बहुधा कचेरीत गेलेला पुरुष. घड्याळ सांभाळणारी घरातील स्त्री. पहाटे पाणी भरण्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत पोळी-भाजी, आमटी-भात डब्यात बसवण्यापर्यंतचे तिचे काम हा या साखळीतील पहिला आणि सर्वांत कमी लवचिक टप्पा होय. त्यासाठी मजुरी नाही, राखीव माणूस नाही आणि आकडेमोडीत तिला स्थान नाही. पुरवठा-साखळीचे इतके आराखडे काढले गेले, त्यांत स्वयंपाकघराची चौकट क्वचितच दिसते.

घरच्याच जेवणाचा हा आग्रह कोठून येतो, याचेही उत्तर केवळ चव आणि खर्च यांत सापडत नाही. इटालियन मानववंशशास्त्रज्ञ सारा रोंकालिया यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात डबेवाल्यांचे काम मुंबईच्या अन्नसंस्कृतीत ठेवून पाहिले. अनेक धर्म, जाती आणि प्रांत एकत्र आलेल्या शहरात कोणाच्या हातचे खावे, काय चालते आणि काय चालत नाही, या बंधनांतून घरच्या डब्याची मागणी निर्माण झाली. व्यवस्थापनशास्त्र जिला 'बाजारपेठ' म्हणते, तिच्यात सोवळे-ओवळे, उपवास, कांदा-लसणाचे वर्ज्य-अवर्ज्य हे सारे मिसळलेले आहे. गौरी पाठक यांनीही २०१० मधील लेखात डबेवाल्याचे राष्ट्रीय प्रतीकात कसे रूपांतर झाले, याकडे लक्ष वेधले होते. ही दोन्ही कामे मानववंशशास्त्राच्या बाजूने झाली आणि वाणिज्य विभागांच्या संदर्भसूचींत ती अभावानेच आढळतात. बहुविद्याशाखीय म्हणवणाऱ्या अभ्यासाची ही मर्यादा नोंदवण्याजोगी आहे.

संघटनेच्या अंतर्गत रचनेचेही वर्णन बहुधा एकाच बाजूने होते. गट स्वायत्त असतात, मुकादम अनुभवी असतो, खर्च वजा जाता मिळकत सारखी वाटली जाते, प्रत्येक जण कामगार नसून भागीदार असतो. ही वस्तुस्थिती आहे आणि तिचे मोल मोठे आहे. मात्र भागीदार होण्यासाठी नव्या माणसाला पैसे गुंतवावे लागतात. आणि प्रवेश मिळतो तो प्रायः नात्यातल्या, गावातल्या, ओळखीच्या माणसाला. स्त्रिया या व्यवसायात मोजक्याच. गावकीच्या विश्वासामुळे देखरेखीचा खर्च वाचतो, हे अर्थशास्त्रीय सत्य आहे. ज्या विश्वासाने आतल्याला जवळ केले त्यानेच बाहेरच्याला दूर ठेवले, हे समाजशास्त्रीय सत्य आहे. पहिले शिकवायचे आणि दुसरे वगळायचे, असा प्रघात पडला आहे.

वारकरी संप्रदायाच्या उल्लेखाचेही असेच झाले. बहुसंख्य डबेवाले वारकरी आहेत आणि अन्न पोहोचवणे हे त्यांना पुण्यकर्म वाटते, ही श्रद्धा खरी असेल. तिचा आदर करावा. परंतु व्यवस्थापनाच्या लेखांत ती 'प्रेरणा' या रकान्यात जाऊन बसते आणि मोबदल्याचा प्रश्न मिटल्यासारखा होतो. पन्नास-साठ किलोंची पाटी डोक्यावर घेऊन जिने चढणाऱ्या माणसाच्या मणक्याचे काय होते, म्हातारपणी त्याला निवृत्तिवेतन काय, मुले याच धंद्यात का येऊ इच्छित नाहीत, या प्रश्नांना पुण्याचे उत्तर दिले की अभ्यास तेथेच थांबतो.

चित्रपटाने विचारलेला प्रश्न

व्यवस्थापनाच्या वाङ्मयाने जो प्रश्न टाळला, तो रितेश बत्रा यांच्या २०१३ मधील 'द लंचबॉक्स' या चित्रपटाने सहज विचारला. कथेचा आधारच चुकलेला डबा आहे. गृहिणी डबेवाल्याकडे तक्रार करते, तेव्हा तो चूक होणे शक्यच नाही असे सांगून हार्वर्डच्या मंडळींचा आणि इंग्लंडच्या राजाचा दाखला देतो. प्रिन्स चार्ल्स यांनी २००३ मध्ये मुंबईत डबेवाल्यांची भेट घेतली होती आणि २००५ मध्ये त्यांच्या विवाहाला दोन डबेवाले निमंत्रणावरून गेले होते, त्या कीर्तीची ही छाया आहे. प्रेक्षक या प्रसंगाला हसतात. अभ्यासकाने मात्र तो नीट पाहावा. तक्रार आली, ती कीर्तीच्या जोरावर नाकारली गेली आणि डबा पुढेही चुकतच राहिला. नोंदवहीत, ती असती तर, शून्य चुका दिसल्या असत्या. गुणवत्तेची ख्याती गुणवत्तेच्या मोजमापात कशी आड येते, याचे इतके नेमके उदाहरण कोणत्याही अभ्यासप्रकरणात सापडत नाही. काल्पनिक कथा हा पुरावा नव्हे, हे मान्य केले तरी तिने दाखवलेली पळवाट काल्पनिक नाही.

टाळेबंदीची कसोटी

२२ मार्च २०२० रोजी मुंबईची लोकल बंद झाली. पुढे अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी ती सुरू झाली. परंतु कचेऱ्या ओस पडल्या होत्या, वसाहतींच्या फाटकांवर बाहेरच्यांना मज्जाव होता आणि डब्यांचे काम जवळजवळ थांबले. सर्वसामान्य प्रवाशांसाठी निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल होत १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना प्रवासाची मुभा मिळाली. तोवर अनेक डबेवाले गावी परतून शेती किंवा मिळेल ती मजुरी करू लागले होते आणि घरून काम करण्याची पद्धत रुळल्याने जुने ग्राहकही पूर्ववत परतले नाहीत. संघटनेतील माणसांची आणि डब्यांची संख्या मोठ्या प्रमाणावर घटली.

चार स्तंभांपैकी एकही या काळात ढासळला नव्हता. संघटन होते, मुकादम होते, खुणा ठाऊक होत्या, श्रद्धाही होती. जे गेले ते या चौकटीत धरलेलेच नव्हते. स्वस्त सार्वजनिक रेल्वे, तिचा मालडबा आणि ठरल्या वेळी ठरल्या जागी बसणारा नोकरदार. सुमारे १८९० पासून या व्यवसायाची सुरुवात सांगितली जाते आणि १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला मार्गावर विजेची गाडी धावू लागल्यानंतरच्या उपनगरीय विस्ताराबरोबर तो वाढला. शहराच्या सार्वजनिक गुंतवणुकीवर उभ्या असलेल्या व्यवस्थेचे श्रेय केवळ अंतर्गत संस्कृतीला देणे, ही रोझेन्झ्वाइग यांनी सांगितलेली प्रभावळच होय. कोविडपूर्व लेखन आजही जसेच्या तसे शिकवले जात असेल, तर विद्यार्थ्यांसमोर त्या प्रकरणाचा निम्मा भागच येतो.

येथे पोर्टर यांच्याकडे परत जाता येते. डबेवाल्यांच्या पद्धतीत खरोखर घेण्यासारखे काही असेल तर ते त्यांच्या नकारात आहे. ते वाटेल त्या वेळी डबा नेत नाहीत, रोज बदलणारा पत्ता घेत नाहीत, सोयीच्या स्थानकापासून फार दूरचा ग्राहक सहसा स्वीकारत नाहीत, दिरंगाई करणाऱ्याला सोडून देतात. या मर्यादांमुळेच अचूकता परवडते. २०२१ नंतर भारतीय शहरांत दहा मिनिटांत वस्तू घरपोच देण्याची जी स्पर्धा सुरू झाली, तिच्या मुळाशी नेमका उलटा विचार आहे. कोणत्याही ग्राहकाला, कोणत्याही क्षणी, काहीही देण्याचे वचन कंपनी देते आणि ते पाळण्याचा धोका दुचाकीवरच्या मुलावर टाकते. दोहोंना एकाच 'परिचालन-उत्कृष्टते'च्या प्रकरणात बसवणारी पाठ्यपुस्तके हा फरक पुसून टाकतात. एकात वेळेची शिस्त ग्राहकापासून सुरू होते, दुसऱ्यात ती फक्त कामगारावर लादली जाते.

महाविद्यालयीन अध्यापकांना या चर्चेत आणखी एका कारणाने रस वाटावा. राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषदेच्या २०१७ च्या सुधारित चौकटीपासून महाविद्यालयांची गुणवत्ता मोठ्या अंशी संख्यात्मक निकषांवर ठरू लागली. 'दोन महिन्यांतून एखादी' हे उत्तर एक कोटी साठ लाखांतील एक कसे बनते, हे ज्यांना स्वतःचे अहवाल भरताना अनुभवाने कळले आहे, त्यांनी विद्यार्थ्यांसमोर तो आकडा विनातपास ठेवू नये, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

मुंबई आणि ठाण्यातील महाविद्यालयांना या विषयावर प्रत्यक्ष काम करणे अवघड नाही. एक गट, एक मार्ग आणि तीन महिने एवढी मर्यादा घातली, चुकीची व्याख्या डबेवाल्यांशीच बोलून ठरवली, उशीर, अदलाबदल, सांडणे आणि न परतलेला डबा यांची वेगवेगळी नोंद ठेवली आणि त्याच काळात डबा भरणाऱ्या घरांतील वेळापत्रकही टिपले, तर आजवरच्या छापील आकड्यांपेक्षा विश्वसनीय माहिती मिळेल. त्या नोंदींत चुका निघतील. त्या किती निघतात आणि त्या दुरुस्त करण्यासाठी गटातील राखीव माणूस किती वेळा धावतो, हे मोजता येईल. असे काम हाती घेणाऱ्याने डबेवाल्यांचा वेळ फुकट धरू नये. गेल्या अनेक वर्षांत त्यांना प्रश्न विचारून गेलेल्यांची संख्या लहान नाही.